मानेवरची चीर

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या बसस्टँडवर, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात, नाहीतर सुरत–भुसावळ लाइनीवरच्या पॅसेंजरच्या डब्यात एखाद्या माणसाच्या गळ्याला भर वैशाखातही रुमाल गुंडाळलेला दिसतो. रुमाल सरकला की कानामागून निघून जबड्याखालून गळ्याकडे वळलेला लांब, फिकट व्रण दिसतो. कधी एक खांदा उतरलेला असतो. विचारलं तर उत्तर दोन वाक्यांचं : ‘तोंडाचं होतं. टाटाला गाठी काढल्या.’ पुढे कोणी फार विचारत नाही. इकडे प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा तरी माणूस असतो.

त्या व्रणाला जवळपास दीडशे वर्षांची वंशावळ आहे. बर्न, वॉर्सा, लंडन, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, अर्जेंटिनातलं कोर्दोबा अशी ती फिरत येते आणि तिच्यातला एक फार मोठा प्रश्न अखेर मुंबईत, परळला सुटतो. प्रश्न असा, की तोंडातली गाठ लहान आहे आणि मान चाचपली तर हाताला काहीच लागत नाही, अशा माणसाची मान उघडायची की थांबायचं? शंभर वर्षं सर्जन यावर भांडले. तो परळलाच का सुटला, याचं कारण मला नरडाण्यासारख्या गावांत दिसतं.

आधी आजाराची वाट समजून घेऊ. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत, जिथे तंबाखूचा बार नाहीतर गुटख्याची पुडी तासन्‌तास दाबून धरलेली असते, तिथे न भरणारा छाला किंवा पांढरा चट्टा येतो आणि त्यातून कॅन्सर उभा राहतो. तो बराच काळ तोंडातच असल्यासारखा वाटतो. पण त्याच्या पेशी लसिकावाहिन्यांतून खाली उतरून मानेतल्या गाठींत जाऊन बसतात. या गाठी प्रत्येकाच्या मानेत असतातच. निरोगी असताना त्या एवढ्या बारीक असतात की हाताला कळत नाहीत. कॅन्सरच्या मूठभर पेशी आत शिरल्या तरी गाठ लगेच फुगत नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आणि मान बाहेरून स्वच्छ, अशा चार रुग्णांतल्या एकाच्या तरी मानेत तो आधीच उतरलेला असतो. पुढे गाठ वर आली की घरचे तिला गंडमाळ समजतात, शेक देतात, लेप लावतात. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या सर्जनांच्या लेखी आजार मानेत उतरला म्हणजे हातातून गेला. ती हद्द पहिल्यांदा नेटाने ओलांडली ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी. १८८० मध्ये त्यांनी जिभेचा कॅन्सर जबड्याखालून चीर देऊन काढला आणि त्याच वाटेने तिथल्या गाठीही बाहेर घेतल्या. थायरॉइडवरच्या कामासाठी पुढे १९०९ चं नोबेल पारितोषिक मिळालेले कोखर ते हेच. १८८८ मध्ये वॉर्सातल्या फ्रान्सिशेक याव्हदिन्स्की यांनी मानेतल्या गाठी आसपासच्या ऊतींसकट एकसंध काढण्याच्या चार शस्त्रक्रियांचं वर्णन छापलं. ते पोलिश भाषेत होतं, म्हणून जगाने फार उशिरा वाचलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले हेन्री बटलिन यांनी त्याच सुमारास म्हणायला सुरुवात केली होती, की जिभेच्या कॅन्सरमध्ये मान फुगायची वाट पाहू नये. आपल्या प्रश्नाचा उगम तिथे आहे.

शस्त्रक्रियेला पक्की रीत दिली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी. १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. डोक्या-मानेच्या भागातला आणि तोंडातला कॅन्सर बराच काळ मानेच्या गाठींत अडकून राहतो, दूर पसरायला वेळ घेतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणजे मान पूर्ण साफ केली तर माणूस वाचू शकतो. पूर्ण म्हणजे किती, तर जबड्यापासून गळपट्टीच्या हाडापर्यंतचा एका बाजूचा सगळा ऐवज : गाठी, चरबी, मान वळवणारा मोठा स्नायू, मेंदूकडून रक्त खाली आणणारी जाड शीर आणि खांदा उचलणारी नस. हे सगळं एकाच तुकड्यात बाहेर काढायचं. ज्या काळात प्रतिजैविकं नव्हती, सलाइन आणि रक्त देण्याची सोय आजच्यासारखी नव्हती, त्या काळात हे धाडस होतं. त्याने माणसं वाचली.

पण नस गेली की खांदा गळतो. हात डोक्याच्या वर जात नाही, रात्री खांदा ठणकतो. शहरातला कारकून एखादवेळी निभावून नेईल. ज्याला कापसाची गाठोडी ट्रॅक्टरवर चढवायची आहेत किंवा बाजरीचा भारा डोक्यावर घ्यायचा आहे, त्याचं काय? हा माणूस त्या काळच्या निबंधांत सापडत नाही. पन्नासेक वर्षं ही शस्त्रक्रिया जवळजवळ याच रूपात चालली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये १,४५० शस्त्रक्रियांचा प्रचंड लेखाजोखा मांडला आणि ठासून सांगितलं, की खांद्याची नस वाचवण्याच्या मोहात पडू नका, कॅन्सर मागे राहील. मान स्वच्छ असताना सरसकट अशी शस्त्रक्रिया करायला मात्र त्यांचा विरोध होता. एवढी किंमत मोजायची तर आजार असल्याची खात्री हवी, हे त्यांच्या जागी बरोबरच होतं. थांबून पाहण्याच्या पंथाला त्यांच्यामुळे मोठं वजन आलं.

किंमत कमी करण्याची वाट अर्जेंटिनातून निघाली. ओस्वाल्दो सुआरेझ यांनी मृतदेहांवर आणि शस्त्रक्रियांत बारकाईने पाहिलं, की गाठी चरबीत आणि पातळ पडद्यांच्या कप्प्यांत असतात. स्नायू, शीर, नस त्यांच्यापासून सोडवून घेता येतात. १९६३ मध्ये त्यांनी हे स्पॅनिशमध्ये छापलं. पोलिश निबंधाचं जे झालं तेच याचंही होणार होतं, पण इटलीतल्या एत्तोरे बोक्का यांनी ही रीत शिकून घेतली आणि १९६७ पासून इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे ठेवली. ज्ञान कोणत्या भाषेत जन्मतं यावर हजारो लोकांचे खांदे अवलंबून राहावेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पुढची पायरी नकाशाची. टेक्सासमध्ये रॉबर्ट लिंडबर्ग यांनी १९७२ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं, की कुठला कॅन्सर मानेच्या कुठल्या भागात उतरतो याला शिस्त आहे. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून न्यूयॉर्कला गेलेले जतीन शहा यांनी १९९० मध्ये अकराशेहून अधिक मान-शस्त्रक्रियांचे नमुने तपासून तेच जास्त नेमकं केलं : तोंडाचा कॅन्सर बहुधा मानेच्या वरच्या तीन पातळ्यांत जातो, खालच्या दोनमध्ये क्वचित. मग मान स्वच्छ दिसत असेल तेव्हा वरच्या तीनच पातळ्या काढल्या तर? चीर लहान, नस शाबूत, काही दिवसांत माणूस घरी. क्राइल यांची शस्त्रक्रिया आता इतकी आटोपशीर झाली, की मार्टिन यांच्या आक्षेपातला निम्मा जोर गेला.

तरी वाद मिटला नाही. चारातल्या एकासाठी उरलेल्या तिघांची मान विनाकारण कापायची का? त्यापेक्षा तोंडाची गाठ काढा, दर महिन्याला मान तपासा, काही लागलं तर तेव्हा काढा, हा युक्तिवाद वजनदार होता. १९९४ मध्ये अमेरिकेत गणिताने एक सीमा काढली गेली : लपलेल्या आजाराची शक्यता २० टक्क्यांच्या वर असेल तर मान काढा, नाहीतर थांबा. पुढे दोन दशकं हा आकडा सर्जनांच्या तोंडी होता. पण ते गणितच होतं. दोन्ही रीती माणसांवर समोरासमोर पारखून पाहिलेल्या फार थोड्या होत्या : १९८० मध्ये फ्रान्समधले ७५ रुग्ण, १९८९ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयातले जिभेच्या कॅन्सरचे ७०, १९९४ मध्ये ब्राझीलचे ६७, २००९ मध्ये हाँगकाँगचे ७१. चारही मिळून तीनशेच्या आत. एवढ्या थोड्या माणसांत दहा-बारा टक्क्यांचा फरक असला तरी तो खरा की योगायोगाचा, हे कळत नाही. मुंबईच्या त्या चाचणीने एक खूण मात्र दाखवून ठेवली होती. जिभेतली गाठ चार मिलिमीटरहून खोल गेली असेल तर मानेत आजार सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

टाटा रुग्णालयाची वंशावळही थोडी सांगायला हवी. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उघडलं. गिरणगावाच्या मधोमध. तिथल्या प्रयोगशाळेतून डॉ. वि. रा. खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा छापला. युरोप-अमेरिकेत तुलनेने कमी दिसणारा हा आजार आपल्याकडे एवढा का, याचा शोध त्यांनी चघळायच्या तंबाखूपर्यंत नेला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं उघडून पाहिली. मिशरी लावणाऱ्या बायकाही त्यात आल्या. ज्या रस्त्यावर हे रुग्णालय उभं आहे तो आज डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाने ओळखला जातो. कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया या देशात रुजवणाऱ्यांत ते पहिल्या फळीतले.

या परंपरेत २००४ साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मान हाताला स्वच्छ, अशा रुग्णांचे दोन गट. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं, रुग्णाच्याही नव्हतं. वाटणी यादृच्छिक होती. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या वरच्या तीन पातळ्या काढायच्या. दुसऱ्यात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया, मग बारीक लक्ष, आणि मानेत आजार दिसला तर मोठी शस्त्रक्रिया, पाचही पातळ्यांची. दोन्ही गटांची तपासणी सुरुवातीला दर चार आठवड्यांनी, मग सहा, मग आठ, मग बारा.

दहा वर्षांत ५९६ जण सहभागी झाले. ७१० घ्यायचे होते, पण पहिल्या ५०० जणांचे निकाल पाहिल्यावर देखरेख समितीने थांबायला सांगितलं, कारण फरक इतका ठळक होता की आणखी लोकांना थांबण्याच्या गटात घालणं योग्य नव्हतं. तीन वर्षांनी आधीच मान काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आजार न उलटता राहिलेले पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९. म्हणजे आठ जणांची मान वेळीच साफ केली तर एक मृत्यू टळतो, आणि चौघांची केली तर एकाचा उलटणारा आजार. त्या बदल्यात शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम ३.६ वरून ६.६ टक्क्यांवर गेले. ३१ मे २०१५ रोजी शिकागोत अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेच्या मुख्य सत्रात हा निकाल मांडला गेला आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला. एका शहरातल्या एका रुग्णालयाच्या कामाने जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतली रीत बदलली. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ‘सेंड’ चाचणीनेही तोच कौल दिला.

आता नरडाण्याकडे येतो. ‘थांबून पाहू’ हा सल्ला कागदावर सौम्य दिसतो. तो पाळायचा म्हणजे काय? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घातलेल्या ताप्ती व्हॅलीच्या लाइनीने सुरतमार्गे मुंबई गाठायची, नाहीतर एसटीने धुळे, मालेगाव, नाशिक करत. बरोबर एक माणूस हवा. दोघांची मजुरी बुडते. कापूस वेचणीला आला असेल तर तारीख चुकते. पाऊस लांबला आणि दुबार पेरणी आली तर चुकते. घरात लग्न असेल तर चुकते. पहिल्या वर्षातच अशा दहा खेपा. आणि ज्याचं तोंड बरं दिसतंय, जेवण जातंय, मान दुखत नाही, त्याने का जावं? दोन-तीन तारखा चुकल्यावर गाठ वर येते तेव्हा ती लिंबाएवढी असते, त्वचेला किंवा शिरेला चिकटलेली. मग वरच्या तीन पातळ्यांत भागत नाही. सगळी मान उघडावी लागते, पाठोपाठ सहा आठवड्यांची शेकाई, म्हणजे रेडिएशन, आणि तेवढे दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब.

महिन्याला बोलावलं की येणारा, गाडी आणि विमा असलेला रुग्ण मनात धरूनच थांबण्याचा पंथ वाढला, असं माझं मत आहे. तो रुग्ण खोटा नव्हता. तो क्लीव्हलँडचा होता, न्यूयॉर्कचा होता. परळच्या ओपीडीत बसणाऱ्या सर्जनासमोर बिहारचा, विदर्भाचा, खानदेशचा माणूस असतो, आणि तो पुन्हा येईल का हा प्रश्न त्या सर्जनाला रोज पडतो. चाचणीतली तपासणी तर कसोशीची होती, तरीही थांबलेल्यांचं नुकसान झालं. बाहेरच्या रोजच्या व्यवहारात ते किती होत असेल? परत येणं अवघड असलेल्या माणसांच्या देशात हा प्रश्न तातडीचा होता, म्हणून दहा वर्षं चिकाटीने तो सोडवला गेला.

जुलै २०१२ हा महिना आमच्याकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे. २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. पिवळ्या-केशरी कार्डावर कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलू लागलं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. त्याच महिन्यात राज्याने गुटख्यावर बंदी घातली. आधीची २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. या वेळी अन्नसुरक्षेच्या नियमांचा आधार घेतला. पण नरडाणा आग्रा रोडवर आहे आणि मध्य प्रदेशची हद्द शिरपूरच्या पुढे लागते. गुटख्याचा ट्रक पकडल्याच्या बातम्या इकडच्या पेपरात वारंवार येतात. एमआयडीसीतली पाळी संपवून येणारा पोरगा आणि रात्रभर स्टिअरिंग धरलेला ड्रायव्हर, दोघांनाही पुडी मिळते. सर्जनने मान साफ करायची आणि टपरीने पुढचा रुग्ण तयार करायचा, हे आम्ही चालू दिलं आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आहेत.

डिक्रूझ यांच्या चाचणीने सगळंच संपवलं नाही. त्यातले बहुतेक रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते; गालाच्या आतल्या, म्हणजे आमच्याकडे पुडीमुळे सर्रास दिसणाऱ्या कॅन्सरचे थोडे. तोंडातली गाठ तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोल असेल तर मान काढल्याचा फायदा स्पष्ट दिसला नाही. या खोलीला पुढे एवढं महत्त्व आलं, की २०१८ पासून लागू झालेल्या कॅन्सरच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तोंडाच्या कॅन्सरसाठी ती मोजणं बंधनकारक झालं. दुसरी फांदी पहारेकरी गाठीची. तोंडातल्या गाठीभोवती किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो मानेत आधी ज्या एक-दोन गाठींत पोचतो तेवढ्याच काढून तपासायच्या, त्या स्वच्छ असतील तर बाकी मानेला हात लावायचा नाही. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली आलेल्या निकालांत ही रीत मान-शस्त्रक्रियेच्या तोडीस उतरली. चारातल्या उरलेल्या तिघांना यात खरा दिलासा आहे. पण तिला न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग लागतो, एकेका गाठीचे डझनावारी बारीक काप पाहणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. जिल्ह्याच्या गावी ही सोय येईपर्यंत परळची रीतच आमच्या माणसाच्या उपयोगाची.

ज्यांची मान शस्त्रक्रियेपलीकडे गेली, त्यांच्यासाठीही टाटातच एक वाट निघाली. कुमार प्रभाश, विजय पाटील, वनिता नरोन्हा यांच्या गटाने निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिलं. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. चाचणी १५१ जणांचीच होती. तरी पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून रिकाम्या हाताने गावी परतणाऱ्याला देण्यासारखं काही तयार झालं.

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्याच्या पिशवीत बायोप्सीचा कागद असतो. तो बहुधा कपाटात जातो. त्यात तीन गोष्टी पाहायला मी प्रत्येक घराला सांगेन : तोंडातली गाठ किती मिलिमीटर खोल होती, मानेतल्या किती गाठी काढून तपासल्या, आणि त्यांतल्या कितींत आजार सापडला. २०११ मध्ये सिडनीहून आलेल्या एका अभ्यासात १८ पेक्षा कमी गाठी निघालेल्यांची प्रकृती पुढे जास्त ढासळलेली दिसली, म्हणून मधला आकडा फार लहान असेल तर सर्जनला विचारायला संकोच करू नये. शेकाई लागणार की नाही, हेही बरंचसं याच कागदावरून ठरतं, आणि ती ठरलीच तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हायला हवी. तेवढ्यात वेचणी आली तरी.